राखून ठेवलेली डिस्क

मी संशयी माणूस आहे, आणि त्याबद्दल मला बरीच वर्षं पगार मिळाला. भोपाळच्या सरकारी कारखान्यात, स्टोअर्समध्ये, मी आलेला माल तपासायचो. पुरवठादार जरा जास्त हसून बोलायला लागला की मी वजन पुन्हा करायला लावायचो. आमच्याकडे एक पद्धत होती. माल दुसऱ्याच्या ताब्यात देण्याआधी त्यातला एक नग काढायचा, चिठ्ठी बांधायची आणि कपाटात ठेवायचा. पुढे कुणी माल बदलला किंवा बिघडवला, तर अस्सल नमुना आपल्यापाशी असतो. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. करोंदच्या धान्यबाजारातून आणलेला गहू गिरणीत देतानासुद्धा मी मूठभर गहू डब्यात बाजूला ठेवतो. बायको याला आजार म्हणते.

बायको शाळेत इतिहास शिकवायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने अंध विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला घेतली. कोलार रोडवरच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत खिडकीला जुनी गादी लावून ती माइकपुढे बसायची. नऊ वर्षं वाचलं तिने. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. आता ती घोगरं, तुटक बोलते, चार वाक्यांत दमते. विद्यार्थी मागतील तसा एकेक धडा ती फोनवर पाठवते, ते ऐकतात आणि पुसून टाकतात. म्हणजे तिचा खरा आवाज उरला होता तो त्या खोलीतल्या संगणकाच्या काळ्या पेटीत, तीन डिस्कांवर. दुसरीकडे कुठेही नव्हता. त्याची दुसरी प्रत करून ठेवावी हे मला, नमुने राखणाऱ्याला, कधी सुचलं नाही.

त्या पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली. यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, अशी सूचना रोज पडद्यावर झळकायला लागली. मला तो विक्रीचा डावच वाटला. बायको मात्र घाबरली आणि तिने मिसरोदच्या तंत्रज्ञाला बोलावलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, चाळिशीचा, शांत माणूस. शांत माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

"काका, नवी सिस्टीम हे कार्ड ओळखतच नाही," पेटी उघडून तो म्हणाला. "तिन्ही डिस्क जोडून ठेवायचं काम हेच कार्ड करतं. कंपनीने ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, बनवणं बंद केलंय."

"मग नवं कार्ड घ्यावं लागेल," मी म्हणालो. आता खरं रूप दिसेल, असं मला वाटलं.

"घेऊ शकता, पण बेकार आहे. काही वर्षांनी परत हीच झंझट. मी तर म्हणतो, डिस्क जोडायचं काम सिस्टीमलाच करू द्या. मोठ्या दोन डिस्क घेऊ, दोन्हींवर सेम रेकॉर्डिंग ठेवू. कार्ड पाहिजेच कशाला?"

आयुष्यात पहिल्यांदाच एक विक्रेता मला वस्तू घेऊ नका म्हणत होता. मनात पाल चुकचुकली. पुढचे दोन दिवस मी कंपनीच्या साइटवर नव्या सिस्टीमशी जुळणाऱ्या कार्डांची यादी वाचत बसलो. यादीतलं एक कार्ड महाग होतं, पण यादीत होतं, आणि यादीवर माझा विश्वास चटकन बसतो. मग फोन करून त्याला आडवळणाने विचारलं, की मदरबोर्डमध्येच डिस्क जोडायची सोय आहे, ती तू का सांगितली नाहीस? तो म्हणाला, "बोर्ड उडाला तर तसाच बोर्ड शोधत फिराल, काका." त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. एवढी तयार उत्तरं असणारा माणूस मला पाठ करून आल्यासारखाच वाटतो.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "आधी सगळं कॉपी करू, मग सिस्टीम टाकू. तोवर पेटीला हात लावू नका."

हात लावू नका, या शब्दांनी माझी पुरती खात्री झाली. हा डिस्क बदलणार, जुन्या नेऊन विकणार, आणि बायकोला काही कळणार नाही. मंगळवारी ती बँकेत गेली तेव्हा मी पेटी बंद केली, मधली डिस्क काढली, तिला चिठ्ठी बांधली आणि कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली ठेवली. डिस्कचा रिकामा खण पुन्हा आत सरकवला. पेटी चालू केली तर सगळे धडे पहिल्यासारखेच वाजत होते. तिन्ही डिस्कांवर एकच माल आहे आणि त्यातला एक नग आपण राखला आहे, असं मी खुशाल धरून चाललो. पेटीच्या पुढचा हिरवा दिवा पिवळा झाला होता. पिवळा म्हणजे काही लाल नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या चार दिवसांत बायको रोज तिथे बसत होती. आता मोठ्याने वाचता येत नाही म्हणून ती जुन्या धड्यांमधले खोकले आणि अडखळणं काढून टाकते. मध्ययुगीन इतिहासाचे चार धडे तिने त्या आठवड्यात साफ केले.

शनिवारी त्याने पडदा बघितला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही काही काढलंय का?"

"मी कशाला काढू?" मी म्हणालो. आता हा मला तिसरी डिस्क विकणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

चहा घेताना, बायको स्वयंपाकघरात असताना, त्याने हळूच पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. नंतर त्याने खण बाहेर ओढला. तो रिकामा होता. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात बायको आली आणि म्हणाली, "मागच्या वेळी धूळ काढायला तूच उघडली होतीस ना रे पेटी?"

"हो काकू," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी चहाचे रिकामे कप गोळा करायला लागलो.

उरलेल्या दोन डिस्कांवरून कॉपी सुरू झाली आणि अर्ध्यातच थांबली. त्यातल्या एकीने दम तोडला. त्याने बायकोला समजावून सांगितलं, की रेकॉर्डिंग तिन्ही डिस्कांत वाटून ठेवलेलं असतं. एक गेली तर बाकीच्या दोघी मिळून तिचं काम भागवतात. दुसरी गेली की सगळं संपलं. बायको खाली स्टुलावर बसली. तिचा हात गळ्यावर गेला होता.

मी उठून कपाटातून डिस्क आणली. चिठ्ठी सोडवायचीही शुद्ध नव्हती. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात 'अस्सल' असं लिहिलेलं होतं.

"पेटीत वेळ नोंदलेली असते काका," तो म्हणाला. "मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणून तर मी विचारत होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. बायको त्याला म्हणाली, "मी तुझ्यावर शंका घेतली, मनावर घेऊ नकोस." माफी मागायची होती ती मी, आणि मागितली तिने. मला भयंकर लाज वाटली.

ती डिस्क आणि शाबूत उरलेली एक जोडून त्याने दिवसभर बसून नऊ वर्षांचं वाचन दोन नव्या डिस्कांवर उतरवलं. तिने त्या आठवड्यात ज्यांना हात लावला होता तेवढे चार धडे मात्र गेले. राखलेल्या डिस्कवर त्यांचा मंगळवारआधीचा तुकडा होता आणि दुसरीवर नंतरचा. दोन्ही जुळेनात. ते धडे बायकोने मलाच वाचायला लावले. मी वाचले, रडतखडत. ती शेजारी बसून बोटाने चुका दाखवत होती.

महिन्याभराने एका विद्यार्थिनीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"सर, बीच के चार पाठ किसी और ने पढ़े हैं. मैडम ठीक तो हैं ना?"

"बिलकुल ठीक हैं, यहीं बैठी हैं," मी म्हणालो आणि घाईघाईने फोन बायकोपुढे धरला.

"हाँ बेटा, बोलो," बायको म्हणाली.

मग ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "आंटी, ज़रा मैडम को दीजिए ना."

बायको फोनकडे बघत राहिली. मग तिने तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सांगा तिला, मॅडम बाहेर गेल्यात."

मी तसं सांगितलं.