अर्धा तास मागे

"खंय धावतंस? थंय अजून साडेसातच वाजलेत. बस, च्या घे."

बांद्याच्या मोटारस्टँडवर मावशीची चहाची खोप होती, आणि गोव्याकडे निघालेला माणूस हे ऐकल्याशिवाय पुढे सरकत नसे. तेव्हा गोवा म्हणजे परदेश. तासाभराच्या चालीवर पोर्तुगीजांची हद्द, आणि पलीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. खोपीतल्या भिंतीवरचं घड्याळही तसंच मागे. एकुलती लेक म्हापशाला दिलेली. लेकीची वेळ तीच हिची.

कुणी कुलदेवतेला निघालेलं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. सगळे तिला विचारून जात. "बाजार एक वाजलो की बंद. मगे तीन वाजेसर कुत्रोय जागो मिळाचो नाय," ती बजावायची. हे सगळं ती एकदाच, लेकीच्या लग्नात, पाहून आली होती.

मी मालवणाहून मास्तर म्हणून नवाच आलो होतो. शाळा साडेदहाची. पहिल्याच दिवशी तिच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं पाहिली आणि ऐटीत आणखी एक चहा मागवला. पोचलो तेव्हा हेडमास्तर माझ्या वर्गाकडून पाढे म्हणवून घेत होते. "हे तुमचे नवे गुरुजी. हे तुम्हांला गणित शिकवणार," एवढंच म्हणून ते निघून गेले.

संध्याकाळी मी तिला जाब विचारला.

"मास्तरांनू, तुमी येळ बघलात थंयची आणि ग्येलात हंय. त्येका मी काय करू?"

पुढे मी रोज तिथे चहा प्यायलो, मनातल्या मनात अर्धा तास मिळवून. गणिताचा माझ्या आयुष्यातला तेवढाच नेमाने झालेला उपयोग.

पंचावन्न साली हद्द बंद झाली. गाडीतून उतरणारे आटले. पत्र आलं तर आलं. घड्याळ मात्र चालू होतं. दूध ओतता ओतता ती वर बघायची, चेडवाच्या, म्हणजे लेकीच्या, घड्याळाकडे. "आता नातू शाळेतसून इलो. आता चेडवान भात वैरल्यान." मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

त्या दिवसांत गोवामुक्तीच्या चळवळीने गाव तापलेलं होतं. एक दिवस एक पुढारी चार माणसं घेऊन खोपीत आले.

"मावशी, हे परक्या सरकारचं घड्याळ आहे. खाली उतरवा."

ती नारळ फोडत होती. कोयता हातात तसाच ठेवून उठली आणि घड्याळाखाली जाऊन उभी राहिली.

"सरकाराचा? सरकारान खिळो तरी ठोकल्यान? ह्या माज्या चेडवाचा घड्याळ. वाट बंद केल्यानी, बरा केल्यानी. येळ बंद करून दाखवा बघूया!"

पुढाऱ्यांनी आधी कोयत्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी, देशाची भावी पिढी घडवणारा माणूस, बशीत बघत बसलो. शेवटी त्यांनी चहा मागवला. तिने दिला, पण वरची साय काढून.

अशी सहा वर्षं गेली. लेकीला आणखी दोन मुलं झाली, ती हिने पाहिली नाहीत.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. तिथली घड्याळंही आता आपल्याबरोबर चालणार, अशी बातमी आली. शाळेत पेढे वाटून मी थेट खोपीत गेलो आणि बाकावर चढून घड्याळाची काच उघडली.

"हात लावू नको!" ती ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला एकेरी हाक मारली. "चेडवान काटो फुडे केल्यान काय, ता मी आधी बघून येतंय. मगे."

त्याच दुपारी खोपीला आयुष्यात पहिल्यांदा कुलूप लागलं. किल्ली तिने माझ्या हातात ठेवली. नऊवारी खोचून, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन निघाली. हद्दीवर आता कुणी अडवणार नव्हतं, तरी ती भांडायच्या तयारीनेच चालली होती.

ती परतली नाही. नातवंडांनी सोडलं नाही म्हणे. मला वाटतं, तिनेच सोडलं नसेल. महिन्याभराने म्हापशाहून आलेल्या एका ड्रायव्हरने निरोप दिला, "म्हातारीन सांगल्यान हा, मास्तराक सांग, काटो फुडे कर."

मी कुलूप काढलं. महिनाभर घड्याळाला किल्ली कुणी दिली नव्हती. ते केव्हाच थांबलं होतं, चारला दहा कमी असताना. थांबलेलं घड्याळ अर्धा तास पुढे करून काय साधणार, हे गणिताच्या मास्तराला कळायला हवं होतं.

मी बाकावर चढलो आणि काटा चार वाजून वीस मिनिटांवर नेऊन ठेवला.