आखूड गल्लीचा ठिपका

तुमची सून काय काम करते, असं कुणी विचारलं की मी सांगायची, "ठिपके मारते." खोटं थोडंच होतं? सकाळी डबा घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत जायचं, कॉम्प्युटरवरच्या रेषांवर ठिपके मारायचे आणि संध्याकाळी पाठ धरून घरी यायचं. मी जन्मभर शिलाई मशीन चालवली. दिवस संपला की माझ्या हातात निदान एक झबलं तरी असायचं. हिच्या हातात काय? डोळ्यांत घालायचे थेंब.

लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी विचारलं, "स्वयंपाक येतो का गं?" तर म्हणाली, "पोट भरण्यापुरता. नकाशे चांगले येतात." माझा मुलगा खाली बघून हसला. मी मनात म्हटलं, घ्या आता, ताटात नकाशा वाढा! डावखुरी, बोलायला कमी, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाही. माझी जीभही काही तुपात बुडवलेली नाही. त्यामुळे आमच्या घरात भांड्याला भांडं रोज लागायचं आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. तसं टोक लांब नाहीच म्हणा. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच गल्ल्या आखूड. चार घरं झाली की आडवी गल्ली, पुन्हा चार घरं, पुन्हा आडवी गल्ली.

गेल्या वर्षी या गल्लीतला एकुलता एक दिवा गेला आणि मी दुकानवालीच्या पायरीपाशी तोंडावर आपटले. उजवं मनगट मोडलं. दुकानवाली दारात उभी राहून म्हणाली, "बघून चालावं माणसानं." अगं, दिसेल तर बघेन ना! तेव्हापासून तिचं-माझं बोलणं बंद. हाड जुळलं, पण कात्री धरली की अजून कळ येते. जाड कापड घेणं मी सोडून दिलं. सून रोज मुकाट्याने मलम चोळायची, तेही डाव्या हाताने.

मग शहरातले जुने दिवे काढून नवे बसवायचं ठरलं. खांब कुठे रोवायचे ते नकाशावरून ठरणार आणि नकाशा आमच्या सूनबाईकडे. तिने मला एकदा समजावलं होतं. नकाशात रस्ता म्हणजे एक रेष. मशीनला सांगायचं, या रेषेवर दर तीस मीटरवर एक ठिपका टाक. जिथे ठिपका तिथे खांब. एवढं सांगितलं की सगळ्या शहरभर ठिपके पडतात, आपला चहा निवायच्या आत. साहेबांनी तिचं कौतुकही केलं.

पण नकाशा हाती आला की माणूस आधी आपलं घर शोधतो. तिनेही शोधलं. आमच्या वस्तीत एकसुद्धा ठिपका नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना तिचा घास हातातच राहिला होता. मी म्हटलं, "मीठ जास्त झालंय का?" तेव्हा तिने सांगितलं. एक रस्ता दुसऱ्याला मिळाला की तिथे रेष तोडायची, असा त्यांच्या कचेरीचा रिवाज आहे. मशीन प्रत्येक तुकडा नव्याने मोजतं आणि तीस मीटर पुरे झाले की पहिला ठिपका टाकतं. मोठ्या रस्त्यांवर हे छान चालतं. आमच्या गल्लीचा तुकडा तीस मीटर व्हायच्या आधीच संपतो. मशीन पुढच्या गल्लीत जातं, तीही आखूड.

मी म्हटलं, "म्हणजे झबल्याची पट्टी आखूड पडली म्हणून बटणच लावायचं नाही?"

"तसंच, आई."

"आणि पोराने उघडं फिरायचं?"

"तसंच."

या घरात आम्ही दोघी पहिल्यांदाच एका बाजूने चिडलो होतो. माझा मुलगा बिचारा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, नियम तीस मीटरचा आहे, ज्या गल्ल्या नियमात बसत नाहीत त्या बसत नाहीत. ही मान हलवून जागेवर आली आणि शहरातल्या प्रत्येक आखूड रेषेवर, बरोबर मध्यावर, हाताने एकेक ठिपका ठेवत सुटली. आमचीच नाही हां, सगळ्या. ज्या वस्त्यांची नावंसुद्धा मी ऐकली नव्हती, त्याही.

साहेबांना ते कळलं त्याच दिवशी ही चष्मा घरी विसरली होती. तो द्यायला मी कचेरीत गेले, आणि बघते तर साहेब हिच्या टेबलाशी उभे, चेहरा लालबुंद. मला म्हणाले, "आजी, जरा बाहेर बसा."

"आजी कुणाची?" म्हटलं, आणि तिथलीच रिकामी खुर्ची ओढून बसले.

साहेब सुनेकडे वळले. "स्वतःच्या दारात दिवा हवा म्हणून हे चाललंय, कळत नाही का मला?"

तिने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आमची गल्ली पडद्यावर मोठी करून दाखवली. "हे माझं घर. हा ठिपका. हा दुकानाच्या दारात आहे. आमचं दार जिन्याआड, ते अंधारातच राहणार."

"दुकानवालीच्या दारात?" मी ओरडलेच. "त्या बयेच्या?"

"गल्लीचा मध्य तिथे येतो, आई."

मी तोंडावर हात धरला. साहेब म्हणाले, "काढा हे सगळे."

"नाही काढणार. काढायचे तर तुम्ही काढा. कुणी काढले ते मशीन नावानिशी लिहून ठेवतं."

साहेबांचा हात माउसपर्यंत गेला आणि परत खिशात आला. मग आवाज एकदम गोड झाला. "तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय ना? हे ठिपके चुकून पडले, एवढं लिहून द्या. चूक म्हणून ते निघतील, तुमची नोकरी राहील. उद्या सांगा."

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "लिहून दे ना, काय बिघडतं? आपण कशाला सगळ्या गावाचा मक्ता घ्यायचा?" आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मी म्हटलं, "लिहून टाक बाई. डोकं फोडलं म्हणून भिंत थोडीच हलते?"

ती भांडी पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "आई, तुमचं मनगट कसं आहे?"

"मनगटाचं इथे काय?"

"सांगा ना, कसं आहे?"

मला भयंकर राग आला. तिचा नाही. त्या साहेबाचा, त्याच्या तीस मीटरचा, माझ्या हातातून सुटणाऱ्या कात्रीचा. आमच्या वरच्या मजल्यावरची नर्स कामावरून परतताना किल्ली मुठीत टोकदार धरून चालते, तेही आठवलं. आम्ही काय या शहरात उरलेल्या चिंध्या आहोत?

"तू गप्प बस," मी मुलाला म्हटलं. मग तिला म्हटलं, "लिहायचं नाही. एक अक्षरही लिहायचं नाही. उपाशी नाही मरत आपण. मी पातळ कापड शिवते अजून."

तिने लिहिलं नाही. साहेबांनी ठिपके काढले नाहीत, स्वतःच्या नावाने काढायला छाती लागते. नकाशा तसाच पुढे गेला. महिना संपला तशी ही आपला डबा, पाण्याची बाटली आणि पाठीमागची उशी घेऊन घरी आली. नवं काम अजून मिळालेलं नाही. माझ्या शेजारी बसून काज करते, आणि काय सांगू, वाईट करते.

खांब परवा उभे राहिले आणि काल दिवे लागले. गल्लीतली सगळी माणसं दारात आली. नर्स आली ती किल्ली पर्समध्ये ठेवून, हात मोकळे सोडून. आमच्या दाराशी सावलीच होती, सून म्हणाली होती तशी.

दुकानवाली तिच्या पायरीवर उभी होती. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली, तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काय हो, सुनेची नोकरी गेली म्हणे?"

तिच्या डोईवर लख्ख उजेड पडला होता. ज्या पायरीपाशी मी पडले तिच्यावरचा खडासुद्धा दिसत होता.

"गेली," मी म्हटलं. "मान वर कर आणि बघ, कशापायी गेली ते."