तीन शिट्ट्या

रेवतीचा फोन आला तेव्हा मी जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये शनिवारचे पोहे भिजवत होतो. प्रमोदला पहाटे हार्ट अटॅक आला, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं, असं तिनं शांतपणे सांगितलं. मी तिच्यावरच खेकसलो, "काहीतरीच काय बोलतेस!" दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्ट शोधणारा मी ठणठणीत, आणि सुट्टी मिळाली की पाठीवर बोजा टाकून डोंगर चढणारा माझा मित्र ऐन चाळिशीत गेला, हा कुठला न्याय? दोन महिने होत आले, तरी माझा राग उतरलेला नाही. हे लिहायलाही रागातच बसलोय. पण प्रमोदबद्दल बोलताना फार वेळ चिडून राहता येत नाही, ही त्याच्या मित्रांची जुनी अडचण आहे.

आमची ओळख २००१ची. तो नागपूरचा, मी पुण्याचा, म्हणजे एकमेकांची टिंगल करायला विषय शोधावा लागत नसे. दोघं मिळून एक फ्लॅट भाड्यानं घेतला होता आणि नदीपलीकडे मॅनहॅटनला कामाला जायचो. त्या सप्टेंबरनंतर कंपन्या माणसं कमी करू लागल्या आणि हिवाळ्यात प्रमोदची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याच्या पायाखालची जमीनच जाते. आम्ही बाकीचे त्याच्याकडे बघून घाबरलो होतो. तो मात्र सकाळी रेझ्युमे पाठवून झाले की बूट चढवायचा आणि चालायला जायचा. आधी गावात, मग बस पकडून लांबच्या डोंगरांत. असं भटकताना त्याला ती वाट सापडली... अ‍ॅपलाशियन ट्रेल. जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगरमाथ्यांवरून जाणारी, दोन हजार मैलांहून लांब. लोक वसंतात दक्षिणेकडून निघतात, पाच-सहा महिने चालतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या न्यू जर्सीच्या कोपऱ्यातून पुढे जातात. प्रमोद हे सांगत आला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, नोकरी लागली.

नोकरीही लागली, प्रिन्स्टनजवळ. रेवतीशी लग्न झालं, वेस्ट विंडसरला संसार थाटला. पण कंपनी बदलली म्हणून ग्रीनकार्डाचं सगळं पहिल्यापासून सुरू झालं. सहा महिने काम सोडून चालायला जायचं तर व्हिसा सोडावा लागणार, आणि व्हिसा सोडला तर थेट नागपूर. म्हणून त्याचं एकच पालुपद असायचं. "ग्रीनकार्ड येऊ दे राजा, मग मी क्विट करतो अन् निघतो. जॉर्जिया ते मेन, पूर्ण!"

"आणि खाणार काय?" मी विचारायचो.

"चालणाऱ्याला लोक खाऊ घालतात बे. तिथं तसा रिवाजच आहे."

रिवाज खराच आहे. ट्रेल जिथे रस्ता ओलांडते तिथे कुणीतरी अनोळखी माणूस गाडी लावून बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊपिऊ घालतो. ओळख ना पाळख, तरी तासाभरात जत्रा भरते. आपल्याला चालता येत नाही तर निदान चालणाऱ्यांना जेवू तरी घालू, असं प्रमोदनं ठरवलं. २००३च्या जूनमध्ये त्यानं मला आणि रेवतीला पहाटे गाडीत कोंबलं. सोबत गॅसची शेगडी, बर्फात घातलेली बियर आणि कोक, केळी, आणि रेवतीनं माहेरून आणलेला मोठा प्रेशर कुकर. जंगलात कुकर कशाला, असं मी म्हणालो, तर "खिचडी काय जादूनं शिजते?" असं उत्तर मिळालं.

आम्ही एका ओकच्या झाडाखाली मांडामांड केली. कुकर चढला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आणि वरच्या उतारावरून झाडीतून काहीतरी धडधडत खाली यायला लागलं. मला वाटलं अस्वल, मी गाडीकडे पळालो. अस्वल नव्हतं. साठीच्या आसपासची एक बाई काठ्या टेकत, पाठीवरच्या ओझ्यासकट धावत येत होती, हातात बँडेजची पिशवी. "कोणाला लागलंय? कुठे आहे?" ती धापा टाकत विचारत होती. तिच्यामागून आणखी चार-पाच जण, घामानं निथळलेले. डोंगरात लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे 'वाचवा, मी संकटात आहे', हे प्रत्येक चालणाऱ्याला पाठ असतं. प्रमोदलाही पाठ होतं. पण कुकर लावताना डोंगराचे नियम कुणाला आठवतात? खिचडीला तीन शिट्ट्या, हे त्याला आईनं शिकवलेलं.

प्रमोदचं तोंड एवढंसं झालं. त्यानं नुसतं कुकरकडे बोट दाखवलं. ती बाई आधी कुकरकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि मग जमिनीवर फतकल मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ही ओहायोची निवृत्त नर्स. ट्रेलवर तिला सगळे बिस्किट म्हणायचे. तिथे खरं नाव कुणी वापरत नाही आणि टोपणनाव स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्यानं द्यायचं असतं. दोन वाट्या खिचडी, वर तूप आणि लिंबाचं लोणचं खाऊन झाल्यावर बिस्किटनं प्रमोदचं बारसं केलं, "थ्री व्हिसल्स." एक पाऊल न चालता त्याला नाव मिळालं. त्या दिवशी तो इतका लाजला, जितका स्वतःच्या लग्नातही लाजला नव्हता.

पुढे दर जूनला आमची ही पार्टी ठरलेली. चालून चालून वाळलेली माणसं यायची, त्यांच्या अंगाचा वास आधी पोचायचा. कुणी छोटी गिटार काढायचा, कुणी फोडांनी भरलेले पाय कोकच्या बर्फात बुडवायचा (तो बर्फ मी टाकून द्यायचो). विद्यापीठातला प्राध्यापक आणि ट्रक चालवणारा एकाच डब्यातून खायचे आणि कोण कोण आहे हे शेवटपर्यंत कळायचं नाही. एकदा परतताना प्रमोद म्हणाला, "आपल्या मंडळाच्या पिकनिकला गेलो तर पहिला प्रश्न काय? एच-वन का ग्रीनकार्ड? कंपनी कोणती? इथं विचारतात, काल कुठं झोपलास, पुढं पाणी आहे का. झालं." मी थट्टेवारी नेलं. पण चार वर्षं कागदांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला त्या झाडाखाली कुणी कागद विचारत नाही, म्हणून तो तिथे जातो, हे मला तेव्हा कळलं. मला तो त्या दिवशी फार आवडला.

त्याच्या पार्टीला एक नियम होता. ट्रेलवर पार्ट्यांचा मोह वाईट. गावात बियर, पिझ्झा, मऊ गादी मिळाली की एक दिवसाचा मुक्काम आठवड्याचा होतो, पाय जड होतात आणि माणूस तिथूनच घरी जातो. आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून जेवणं झाली की प्रमोद कुकर स्वतः घासायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. घासून पालथा घातला की पार्टी संपली. "चला, उठा! मेन तिकडं आहे," असं चक्क मराठीत ओरडायचा, आणि अर्थ न कळताही सगळे गुमान उठून पिशव्या पाठीवर घ्यायचे. एका वर्षी एक पोरगी रडायला लागली, तिला घरी जायचं होतं. प्रमोदनं तिची पिशवी उचलली आणि पुढच्या टेकडीपर्यंत तिच्यासोबत चालत गेला. परत आला तो एकटा. ती मेनला पोचली, असं नंतर बिस्किटनं कळवलं. बिस्किट स्वतः पहिल्या खिचडीच्याच वर्षी मेनला पोचली होती, आणि दर जूनला ओहायोहून पाय घेऊन पार्टीला यायची. सफरचंदाचा पाय!

या वर्षी वसंतात प्रमोदचं ग्रीनकार्ड आलं. जूनच्या पार्टीत त्यानं ते कुणाला दाखवलं नाही, तिथे त्याला किंमत नव्हती. फक्त बिस्किटला म्हणाला, "पुढच्या मार्चला जॉर्जिया." ती म्हणाली, "मग मीही येते, तुला वाट चुकवायला कुणीतरी हवं." रेवतीनं हो म्हटलं होतं. गॅरेजमध्ये त्याची पिशवी भरून तयार होती. ऑगस्टमध्ये तो गेला.

तेराव्याला घर भरलं होतं. अर्धी मंडळी साडी-कुडत्यातली, अर्धी उन्हानं रापलेली आणि बुटांचे ठसे उमटवणारी. बिस्किट ओहायोहून रात्रभर गाडी चालवून आली होती. स्वयंपाकघरात ती कुकरपाशी बराच वेळ उभी राहिली. मग रेवतीला म्हणाली, "याची शिट्टी मला देशील? मी मार्चला निघतेच आहे." वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा अर्धा कापून नेणारी माणसं ही. त्या पिशवीत बिनकामाचं गुंजभर लोखंडसुद्धा कुणी नेत नाही. रेवतीनं शिट्टी उचलली, पदराला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली. बिस्किटनं ती दोरीत ओवून गळ्यात घातली. मी गॅलरीत जाऊन रडलो.

गेल्या रविवारी वेस्ट विंडसरला गेलो होतो. रेवतीनं खिचडी पातेल्यात शिजवली होती.

"नवी शिट्टी आणू का? एडिसनला देशी दुकानात मिळते," मी म्हणालो.

"नको. ती मेनला पोचली की बिस्किट परत आणून देणार आहे. तोवर पातेल्यात."

खिचडी खाली जरा लागली होती. आम्ही लोणच्यासोबत सगळी संपवली. रेवतीनं पातेलं घासलं, ओट्यावर पालथं घातलं... आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. कुणी ओरडलं नव्हतं.