धाकट्या जावेचा काळा दोरा

माझी धाकटी जाऊ विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारते. गंगापूर रोडच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिचीच चौकशी करतो. मी रोज ट्रकच्या गर्दीतून स्कूटीवर अंबडच्या कारखान्यात जाते, त्याचं कुणाला काय!

मागच्या खेपेला ती निघायच्या आधी सासूबाईंनी तिच्या पॅराशूटला काळा दोरा बांधला, दृष्ट लागू नये म्हणून. बांधला तो नेमका छातीच्या पट्ट्यावरच्या हँडलला. मुख्य पॅराशूटनं दगा दिला तर राखीव पॅराशूट उघडायचं, त्याचं ते हँडल. काळ्या पट्ट्यावरचा काळा दोरा तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटला. विमानाच्या दारातून बाहेर पडताना तो कशात तरी अडकला, हँडल ओढलं गेलं आणि राखीव पॅराशूट तिथंच उघडलं. विमानाच्या शेपटीत गुंतायचीच, थोडक्यात वाचली.

घरी आली तेव्हा सासूबाईंनी दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "माझ्या दोऱ्यानंच वाचवलं हो पोरीला," म्हणाल्या. जाऊ गोड हसली. माझा नुसता जळफळाट झाला. चूक यांची, आणि लाड पुन्हा तिचेच!

तिनं कापून टाकलेला तो दोरा मी उचलला आणि स्कूटीच्या आरशाला बांधला. सासूबाईंनी पाहिलं.

"हे काय गं?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

त्यांना खरंच हसू आलं. "तुला गं कुणाची दृष्ट लागणार!"