टेपा माशाचे दात

माझे सासरे, म्हणजे मामाजी, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी हावड्याकडच्या एका सहकाऱ्याने त्यांना डब्यातून एक मासा आणून दिला. तळहाताएवढा, हिरवट पाठीचा. घाबरला की चेंडूसारखा फुगायचा. बंगालीत त्याला टेपा म्हणतात, म्हणून आम्हीही टेपाच म्हणू लागलो. पहिल्याच आठवड्यात त्याने टाकीतल्या सोनेरी माशांच्या शेपट्या कुरतडल्या. मामाजींनी ते मासे शेजारी देऊन टाकले आणि बैठकीतली चार फुटी टाकी एकट्या टेप्याला मोकळी करून दिली.

त्याचं खाणं म्हणजे गोगलगायी. मामाजी दर दोन-तीन दिवसांनी घराजवळच्या 'शुक्रवारी' नावाच्या तलावाच्या काठावरून त्या वेचून आणत आणि मोरीतल्या बादलीत ठेवत. सकाळी त्या बादलीबाहेर येऊन भिंतीवर चढलेल्या असत. मला शिसारी यायची, पण मी कधी बोलले नाही.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते दोन-अडीच महिने मुलीकडे रायपूरला गेले. निघताना मला टाकीजवळ बोलावून म्हणाले, "सूनबाई, याले गोगलगाय कवचासकट देजो. नरम खाऊ घातलं तं याचे दात वाढत जातेत. झिजाले काही तरी कडक लागते."

मी एकदाही तलावावर गेले नाही. मी शाळेत शिकवत होते, वेळ नाही अशी स्वतःची समजूत घातली. घरी मटण आलं की कलेजीचे बारीक तुकडे बाजूला काढायचे, एरवी सोललेली कोळंबी. टेपा माझ्या बोटांतून खायचा, मला पाहून काचेशी यायचा. मला वाटलं, याला माझंच जास्त आवडतं.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तो तुकडा तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. पुन्हा धरायचा. पोट खपाटीला गेलं. मामाजींची आठवण येत असेल, असं मी नवऱ्याला सांगितलं.

मामाजी जाड भिंगाचा चष्मा लावून परतले. पिशवी हातातच, आधी टाकीशी गेले. बराच वेळ वाकून पाहिल्यावर त्यांनी विचारलं, "गोगलगायी देत होतीस ना?"

"रोज," मी म्हणाले.

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्या दिवशी मी ओल्या फडक्यात टेप्याला धरलं आणि त्यांनी नेलकटरने त्याचे वाढलेले दात कापले. तो माझ्या मुठीत फुगत होता. "शुक्रवारीच्या गोगलगायीचं कवच पातळ झालं असन," ते म्हणाले. "पाणी खराब झालं."

टेपा वाचला. पण मामाजी आता गोगलगायींसाठी सायकलने कामठीला, कन्हान नदीवर जाऊ लागले. जाऊन-येऊन दिवस मोडायचा. मी रोज ठरवायची, आज सांगू. मग ते डबा उघडून मला दाखवायचे, "पाहा, कशा टणक आहेत!" आणि मी मान डोलवायची.

मे महिन्यात त्यांना वाटेत ऊन लागलं. एका ट्रकवाल्याने सायकलीसकट घरी आणून सोडलं. अंगाला उकडलेल्या कैरीचा गर चोळताना मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

ते डोळे मिटून ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "म्हणजे शुक्रवारीच्या गोगलगायी चांगल्याच होत्या?"

"हो, मामाजी."

त्यांनी कूस बदलली. ते रागावले असते, नवऱ्यासमोर बोलले असते, तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर सायकल त्यांच्याने झाली नाही. शाळेआधी मीच तलावावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी पदराने उचलल्या, नंतर हातानेच. टेप्याने कवच फोडल्याचा कट्‌कन आवाज बैठकीत ऐकू यायचा. तो आणखी दोन वर्षं जगला.

त्या दोन वर्षांत मामाजी माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगत. पण माशाबद्दल मला काही सांगणं त्यांनी बंद केलं. त्यांची खुर्ची आता मी शाळेत गेल्यावरच टाकीसमोर सरकायची. मी घरी आले की ती पुन्हा भिंतीशी लागलेली असायची.