इनेझचा ठरलेला प्रश्न

सकाळचे पोहे भिजवून ठेवले होते, माझे यजमान शशिकांत चष्मा शोधत घरभर फिरत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल सोडून थाप मारणारी एकच बाई माझ्या ओळखीची: मासळी घेऊन येणारी पाली गावची इनेझ. पण आज तिचा यायचा दिवस नव्हता आणि हातात पाटीही नव्हती.

“ॲलिशाला मुलगी झाली, वैनी. पहाटं.”

ॲलिशा तिची लेक, आमच्याच बिल्डिंगमधल्या रेजिनाची सून.

इनेझची एक सवय मला कधी कळली नव्हती. आमच्या नवघर भागात कुणाकडे बाळंतीण असली की ही बाळाकडे बघायच्या आधी विचारणार, “अंगावरून किती जातंय?” माझी भाची नीलम तर लाजून पांघरुणात शिरली होती. या बाईला कसली ही चौकशी हवी, असं मला वाटायचं.

आज चहा पुढे ठेवला आणि विचारलंच.

“माझा इयान घरीच झाला,” ती म्हणाली. “सासू लय टापटीप. कपडा भिजला की बदलायची, लगेच न्हाणीत नेऊन टाकायची. पुरुषांच्या नजरेला पडायला नको ना. मी गार पडत चालले, तर म्हणाली, दमली हाय, झोपू द्या.”

“मग?”

“माझा नवरा इग्नेशियस पाणी घ्यायला न्हाणीत गेला. बघतो तर कपड्यांचा ढीग. तसंच उचलून रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेला मला. रक्त चढवलं, म्हणून बसलेय इथं.” तिने बशीत चहा ओतला. “सासूला काय बोलू? ती एकेक कपडा बघत होती. ढीग तिनं बघितलाच न्हाय.”

“पण ॲलिशा तर हॉस्पिटलात आहे.”

“हाय ना. पिशवी आवळायची सुई लगेच दिली, मी विचारून घेतलं. आता बरी हाय. पण तिचं रक्त आधीच कमी, आणि पहिला दिवस जपायचा असतो. जवळ एकच बाई बसू देतात, ती रेजिना. तिचं घर कसं, आरसा. पॅड बदलला की कागदात गुंडाळून डब्यात. नर्स येते तेव्हा बघायला काय उरतच न्हाय.”

“मग विहिणीला सांगायचंस.”

“सांगितलं. बोलली, ‘इनेझ, बोंबील मोजता तसं आता हे पण मोजणार काय?’ सगळी हसली. परत तोंड उघडलं तर माझ्या पोरीलाच ऐकावं लागेल.”

तिने कप खाली ठेवला.

“तुमचं रेजिना ऐकते, वैनी. एक फोन लावा. पॅड टाकायच्या आधी नर्सला दाखव, एवढंच तिला सांगा.”