वहिनींची कुशाग्र नजर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रफूचं दुकान आहे. वहिनी रफू करतात. त्यांच्या थोरल्या नणंदबाई गिऱ्हाइकं सांभाळतात आणि जमेल तसे टोमणे मारतात. वहिनींनी साठी ओलांडली तरी चष्म्याचं नाव काढू देत नसत. सुई गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायच्या. "ओवा बघू. तुमची नजर तपासते." लोक हसत हसत ओवून देत. ही त्यांची थट्टाच, असं आम्ही सगळे समजत होतो.

एकदा कुणी म्हणालं, "कुशाग्र नजर आहे हो तुमची." मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून अर्थाची विचारणा लगेच माझ्याकडे झाली.

"खरं तर बुद्धीला म्हणतात," मी सांगितलं. "कुश नावाचं गवत असतं. त्याचं अग्र, म्हणजे टोक, इतकं अणकुचीदार की बोटाला टोचतं. तसं तल्लख ते कुशाग्र."

"म्हणजे मला गवत म्हणाले."

"गवताचं टोक म्हणाले, वहिनी," नणंदबाई म्हणाल्या. "सबंध गवत म्हणण्याइतकी ओळख नाही अजून."

त्याच आठवड्यात एक गृहस्थ मुलाचा काळा कोट परत घेऊन आले. मुलाची दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, आणि उन्हात नेल्यावर खांद्यावरचं रफू निळं दिसत होतं. वीण सुरेख, धागाच चुकलेला.

वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं. "हाताला तर काही कळत नाही."

"मुलाखत घेणारे हात फिरवून बघणार नाहीत, बाई."

संध्याकाळी येतो म्हणून ते गेले. वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, चष्मा लावला की लोक म्हणतील, हिला दिसत नाही. मग कपडे कोण देईल?"

"आणि न लावता काय म्हणतात, ते ऐकलंस ना आत्ता?" नणंदबाईंनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला.

वहिनींनी रफू उसवलं, काळा धागा घेतला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. गृहस्थांनी कोट दारातल्या उजेडात धरला, तर त्यांना जागाच सापडेना.

पुढे वहिनींचा स्वतःचा चष्मा आला. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. परवा मी सहज डोकावलो, तर त्यांनी माझ्या स्वेटरची बाही धरली.

"सर, हे गचाळ रफू कुणाचं?"

ते त्यांचंच होतं, गेल्या वर्षीचं.

"आता आठवत नाही," मी म्हणालो. नणंदबाई खाली मान घालून घडी केलेल्या कापडाची पुन्हा घडी करू लागल्या.

"काढून ठेवा, नीट करून देते," वहिनी म्हणाल्या. "आणि त्या माणसाकडे परत जाऊ नका."